नावापुढची अक्षरे: अमेरिकेतल्या फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचे परवाने, नंबर आणि मर्यादा

फाईलवाली

'डॉक्टरची अपॉइंटमेंट मागितली आणि नर्स दिली' ही तक्रार इथे दर महिन्याला येते. 'भाचीने बीएस्सी नर्सिंग केलंय, तिकडे एफएनपी होता येईल का' ही चौकशीही येते. दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणाहून सुरू होतात, म्हणून हा वेगळा धागा. एफएनपी म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर: पदव्युत्तर शिक्षण घेऊन पेशंट तपासणारी, निदान करणारी आणि औषध लिहून देणारी नर्स.

दवाखान्याच्या काचेवर नावापुढे असं लिहिलेलं असतं: एमएसएन, एपीआरएन, एफएनपी-सी. हे तीन तुकडे तीन वेगळ्या लोकांनी दिलेले आहेत. एमएसएन ही विद्यापीठाची नर्सिंगमधली मास्टर्स पदवी. ती कुणी सहसा काढून घेत नाही, म्हणून ती आधी लिहायची पद्धत. एपीआरएन हा राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा, प्रगत नर्सिंगचा परवाना. त्याला मुदत असते आणि तो त्या राज्यापुरता असतो. एफएनपी-सी हे राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र, मुदत पाच वर्षे. एफएनपी-बीसी दिसलं तर मंडळ वेगळं (एएनसीसी), दर्जा तोच. एफएनपी-सी वाल्यांचं मंडळ एएएनपीसीबी.

मधला तुकडा राज्यागणिक बदलतो. टेक्सासात एपीआरएन, न्यू जर्सीत एपीएन, पेनसिल्व्हेनियात सीआरएनपी, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये नुसतं एनपी. माणूस तोच, काम तेच, पाटी वेगळी.

'फॅमिली' म्हणजे फॅमिली डॉक्टरमधलं फॅमिलीच. २००८ सालच्या एपीआरएन कन्सेन्सस मॉडेलने कुणी कुठल्या वयाचे आणि कुठल्या प्रकारचे रुग्ण बघायचे याचे सहा गट पाडले: फॅमिली, प्रौढ व वृद्ध, नवजात, बालक, स्त्री-आरोग्य, मानसिक आरोग्य. फॅमिलीवाल्याला तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळे चालतात, पण प्राथमिक उपचारांच्या चौकटीत. व्हेंटिलेटरवरचा पेशंट सांभाळणं हे अ‍ॅक्यूट केअरवाल्यांचं शिक्षण. एफएनपीला आयसीयूत लावलं आणि काही बिनसलं, तर बोर्ड आधी हेच विचारतं की या कामाचं शिक्षण आणि प्रमाणपत्र कुठाय.

हा पेशा अमेरिकेत १९६५ पासूनचा. कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या दोघांनी पहिला अभ्यासक्रम काढला. म्हणजे कोविडात डॉक्टर कमी पडले म्हणून उभी केलेली ही जमात नव्हे.

एफएनपीचा क्रम: आरएन (नोंदणीकृत नर्स) परवाना, मग मास्टर्स किंवा डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट), मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा एपीआरएन परवाना, मग औषध लिहून देण्याचा अधिकार (बऱ्याच राज्यांत वेगळा अर्ज), मग डीईए (नियंत्रित औषधांसाठीची केंद्रीय नोंदणी), एनपीआय (बिलावरचा ओळख क्रमांक), आणि शेवटी एकेका इन्शुरन्स कंपनीत नाव नोंदवणं. यातलं एक जरी अडलं तरी पुढचं सगळं अडतं. विचारा.

सांजवात

छान धागा. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत. जवळच्या क्लिनिकमध्ये एफएनपीच आहे. नाव गूगल केलं तर एनपीआय नंबर, पत्ता, स्पेशालिटी सगळं आलं. म्हणजे खात्री झाली असं समजायचं ना?

शून्यशेष

नाही. एनपीआय म्हणजे परवाना नव्हे. बिलावर छापायचा ओळख क्रमांक आहे तो, आपल्या पॅन नंबरसारखा. पॅन आहे म्हणजे माणूस सीए आहे असं होत नाही. देणारी यंत्रणा (एनपीपीईएस) स्वतःच सांगते की नंबर दिल्याने परवाना तपासला गेला असा अर्थ काढू नका. आत जे लिहिलंय ते त्या व्यक्तीने स्वतः भरलेलं असतं.

तरी वाचायला शिकून घ्या, उपयोगी पडतं.

१. नंबर दहा आकडी. टाइप १ म्हणजे व्यक्ती, टाइप २ म्हणजे संस्था. क्लिनिकचा टाइप २ नंबर दाखवून कुणी 'हा माझा' म्हणत असेल तर तो तिचा नाही.

२. टॅक्सॉनॉमी कोड, म्हणजे कामाच्या प्रकाराचा कोड. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा कोड ३६३एलएफ००००एक्स. नुसतं ३६३एल०००००एक्स असेल तर 'नर्स प्रॅक्टिशनर, गट नमूद नाही'. १६३डब्ल्यू०००००एक्स म्हणजे साधी आरएन. ३९०२०००००एक्स म्हणजे विद्यार्थी. बरेच जण शिकताना नंबर काढतात आणि पास झाल्यावर कोड बदलायला विसरतात. मग इन्शुरन्सकडून बिल परत येतं आणि तीन महिने कुणाला कळत नाही का. बदल झाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त करायचा असा नियम आहे.

३. 'शेवटचा बदल' ही तारीख. २०११ ची असेल तर पत्ता आणि फोन यांच्यावर विसंबू नका.

४. या नंबराला मुदत नसते. परवाना गेला तरी नंबर तिथेच दिसत राहू शकतो. मुद्दा इथेच आहे.

अवांतर, पण मला आवडतं म्हणून: नंबर लिहिताना चूक झालीय का हे कागदावर तपासता येतं. नमुन्याचा नंबर घ्या, १२३४५६७८९३. शेवटचा ३ बाजूला ठेवा. उरलेल्या नऊ आकड्यांत उजवीकडून एक सोडून एक दुप्पट करा: ९ चे १८, ७ चे १४, ५ चे १०, ३ चे ६, १ चे २. दोन आकडी झाले त्यांचे अंक मिळवा: ९, ५, १, ६, २. बेरीज २३. न दुपटलेले ८, ६, ४, २ यांची २०. एकूण ४३. त्यात २४ मिळवा (नंबराच्या आधी ८०८४० हे अदृश्य पाच आकडे धरलेले असतात, त्यांचा हा वाटा). ६७. पुढचं दशक ७०, फरक ३. जुळलं. एक आकडा चुकला असेल तर हे जुळत नाही.

फाईलवाली

शून्यशेष यांना अनुमोदन. सांजवात, खरी तपासणी दोन ठिकाणी.

पहिली: नर्सिस नावाची साइट, तिथला क्विक कन्फर्म. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. नाव आणि राज्य टाका. परवाना चालू आहे की संपलाय, मुदत कधीची, शिस्तभंगाची नोंद आहे का, हे दिसतं. एकाच नावावर आरएन आणि एपीआरएन अशा दोन ओळी हव्यात. एकच आरएनची ओळ दिसली तर लगेच घाबरू नका, काही राज्यांचे एपीआरएन तिथे येत नाहीत. त्या राज्याच्या बोर्डाच्या साइटवर पाहा.

दुसरी: प्रमाणपत्र. एएनसीसी किंवा एएएनपीसीबी, दोन्हीकडे पडताळणीची सोय आहे. रुग्णाला इतकं खोल जायची गरज नाही, नोकरी देणाऱ्याला मात्र आहे. प्रमाणपत्राची मुदत संपली की बहुतेक राज्यांत एपीआरएन परवानाही लटकतो, आणि मधल्या दिवसांत पाहिलेल्या पेशंटांची बिलं परत करावी लागतात.

लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर दोन्ही आडनावांनी शोधा.

खडीसाखर

ते सगळं ठीक. पण ५०० तास क्लिनिकमध्ये बसलेली व्यक्ती आणि रेसिडेन्सी (पदवीनंतरचं इस्पितळातलं प्रशिक्षण) केलेला डॉक्टर यांना एकाच रांगेत कसं बसवता? आणि आता तर स्वतंत्र दवाखाने काढतात.

मेस्किट

एकाच रांगेत कुणी बसवत नाही. शिक्षण कमी तासांचं आहे हे खरंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण आकडे नीट घेऊ.

किमान अट ५०० तासांची होती. २०२२ च्या नव्या राष्ट्रीय मानकांनी ती ७५० केली. हे तास थेट रुग्ण तपासण्याचे. सिम्युलेशनमधला पुतळा धरत नाहीत. यात आधीची आरएनची वर्षं नाहीत. शिवाय तीन विषय स्वतंत्र पेपर म्हणून पदव्युत्तर स्तरावर लागतात: प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, प्रगत शारीरिक तपासणी, प्रगत औषधशास्त्र. इंग्रजी नावांतल्या 'पी'वरून 'थ्री पीज' म्हणतात. दोन विषय एका पेपरात घुसडलेले असतील तर परीक्षा मंडळ अर्ज अडवतं.

खरी ढिलाई तासांच्या संख्येत नाही, प्रीसेप्टरमध्ये आहे. प्रीसेप्टर म्हणजे ज्याच्या हाताखाली तास भरायचे तो डॉक्टर किंवा एनपी. अनेक ऑनलाइन विद्यापीठं सांगतात, तुमचा तुम्ही शोधा. मग विद्यार्थी मिळेल तिथे जातो. ७५० पैकी ४०० तास एका त्वचारोगाच्या दवाखान्यात काढले तर कागदावर तास पूर्ण, पण दोन महिन्यांच्या बाळाचं डोकं मोजलेलं नाही आणि पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाची चाचणी) हातात घेतलेला नाही. प्रवेश घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच: प्रीसेप्टर तुम्ही देता की मी शोधू? बालक, स्त्री-आरोग्य, वृद्ध यांचे तास वेगळे मोजता का?

सांजवात

स्वतंत्र दवाखान्याचं काय? सगळीकडे चालतं?

मेस्किट

नाही. राज्यांच्या तीन जाती आहेत: पूर्ण अधिकार, कमी अधिकार, बांधलेला अधिकार.

वॉशिंग्टन, ओरेगन, अ‍ॅरिझोना इथे परवाना मिळाला की डॉक्टरच्या सहीशिवाय तपासा, निदान करा, औषध लिहा. काही राज्यं आधी तास भरून घेतात. न्यूयॉर्क ३६०० तास. इलिनॉय ४००० तास आणि वर २५० तासांचं शिक्षण. फ्लोरिडा गेल्या पाच वर्षांत ३००० तास, आणि तेही फक्त प्राथमिक उपचारांसाठी.

टेक्सास बांधलेल्या गटात. इथे डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो, प्रिस्क्रिप्टिव्ह अथॉरिटी अ‍ॅग्रीमेंट. त्यात काय हवं: दोघांची नावं, पत्ते, परवाना क्रमांक, कामाची जागा, कुठल्या गटातली औषधं लिहायची किंवा लिहायची नाहीत, सल्ला घेण्याची आणि पुढे पाठवण्याची पद्धत, तातडीच्या वेळी काय, डॉक्टर रजेवर असेल तर बदली कोण, आणि चार्ट तपासणीची व्यवस्था. महिन्याला निदान एक बैठक. करार दरवर्षी पुन्हा वाचून सही-तारीख. एका डॉक्टरला असे सात जण (पूर्णवेळ हिशेबाने), इस्पितळ आणि डॉक्टरांची टंचाई असलेले भाग सोडून.

सगळ्यात जास्त गडबड होते ती बैठकीच्या नोंदीत. बैठक होते, चहा होतो, कागद होत नाही. बोर्डाने मागितल्यावर बारा महिन्यांच्या नोंदी एका शाईने एका दिवशी लिहिलेल्या दिसल्या की पुढचं सांगायला नको.

नियंत्रित (सवय लागू शकणाऱ्या) औषधांत टेक्सास फारच कडक. शेड्यूल दोन, म्हणजे ऑक्सिकोडोन, अ‍ॅडेरॉल वगैरे, एफएनपीला साध्या क्लिनिकमधून लिहिता येत नाही. ते फक्त इस्पितळात किंवा हॉस्पिसमध्ये, अटींसह. शेड्यूल तीन ते पाच चालतं, पण रिफिल धरून ९० दिवसांचंच. मूल दोन वर्षांखालचं असेल तर आधी डॉक्टरशी बोलून तशी नोंद. मुलाच्या एडीएचडीच्या गोळ्यांसाठी एफएनपीकडे गेलात आणि 'डॉक्टरांकडे जा' म्हणाली, तर तिला येत नाही म्हणून नव्हे, कायदा म्हणून.

रेडवुड

कॅलिफोर्नियाची गंमत वेगळी. एबी ८९० या कायद्याने दोन पायऱ्या केल्या. '१०३ एनपी': तीन वर्षं किंवा ४६०० तास भरल्यावर, जिथे निदान एक डॉक्टर काम करतो अशा संस्थेत, लेखी कार्यपद्धतीशिवाय काम. ही २०२३ पासून. '१०४ एनपी': १०३ म्हणून तीन वर्षं काढल्यावर स्वतःचा दवाखाना. म्हणजे २०२६ च्या आधी कुणी १०४ असूच शकत नव्हतं. बाकीचे सगळे अजून जुन्या 'स्टँडर्डाइज्ड प्रोसीजर'खाली (म्हणजे तीच लेखी कार्यपद्धती), डॉक्टरच्या देखरेखीत.

अजून एक: तिथे औषध 'प्रिस्क्राइब' करत नाहीत, 'फर्निश' करतात, आणि त्यासाठी वेगळा फर्निशिंग नंबर लागतो. एनपी परवाना आला म्हणून नोकरी सुरू केली आणि फर्निशिंग नंबर यायचाय, तर तोवर औषधं लिहिता येत नाहीत.

खडीसाखर

पण कॉम्पॅक्ट लायसन्स असेल तर चाळीसेक राज्यांत चालतं ना? मग राज्याराज्याचा एवढा बाऊ कशाला?

फाईलवाली

ही चूक फार जण करतात. नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट आरएनसाठी आहे. एपीआरएनला तो लागू नाही. एपीआरएनसाठी वेगळा कॉम्पॅक्ट लिहून ठेवलाय, सात राज्यांनी कायदा केल्यावरच तो सुरू होणार. म्हणून एफएनपीला प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना.

टेलिहेल्थमध्ये याचा फटका बसतो. परवाना लागतो तो पेशंट त्या क्षणी जिथे बसलाय त्या राज्याचा. ह्यूस्टनचा पेशंट लेकीकडे सान होजेला गेलाय आणि तिथून व्हिडिओ कॉल करतोय, तर कॅलिफोर्नियाचा परवाना हवा. म्हणून कॉल सुरू होताच 'आत्ता तुम्ही कुठे आहात' विचारतात. लोकांना वाटतं, गप्पा मारतेय.

जाता जाता डीईएबद्दल. नियंत्रित औषधांसाठी डीईए नोंदणी, तीन वर्षांची, फी ८८८ डॉलर, आणि प्रत्येक राज्याची वेगळी. एनपीचा डीईए नंबर एम अक्षराने सुरू होतो, दुसरं अक्षर आडनावाचं. जून २०२३ पासून नोंदणी किंवा नूतनीकरणाच्या वेळी व्यसनविकारांवरचं ८ तासांचं प्रशिक्षण झाल्याचं सांगावं लागतं, एकदाच.

घरून टेलिहेल्थ करणाऱ्यांसाठी: एनपीआयमध्ये प्रॅक्टिसचा पत्ता म्हणून घरचा पत्ता टाकू नका. तो सार्वजनिक होतो, दहा-वीस साइट्स उचलतात, आणि नंतर तुम्ही मूळ ठिकाणी बदललात तरी त्या साइट्सवर तसाच राहतो.

गोदाकाठ

भाचीवाल्या प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी क्रम असा.

बीएस्सी नर्सिंग (चार वर्षं) किंवा जीएनएम अधिक पोस्ट बेसिक बीएस्सी. नुसतं जीएनएम (तीन वर्षांचा डिप्लोमा) असेल तर बऱ्याच राज्यांत आरएन होता येतं, पण एफएनपीच्या मास्टर्सला पदवी किंवा ब्रिज कोर्स लागेल.

पहिली पायरी कागदपत्रांची पडताळणी. हे काम सीजीएफएनएस करते, आता तिचं नाव ट्रुमेरिट. मार्कलिस्ट आणि विषयवार तास कॉलेज-विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे जायला हवेत, नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून थेट. सीलबंद पाकीट स्वतः पाठवलं की बाद. १९९८ नंतरचे बहुतेक एमयूएचएस (आरोग्य विज्ञान विद्यापीठ), नाशिक. त्याआधी ज्या विद्यापीठाची पदवी असेल तिथे जायचं.

आता खरा घोळ: नाव. आपल्याकडच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर दुसराच क्रम, आणि लग्न झालं असेल तर नवऱ्याचं नाव. कौन्सिलच्या नोंदीत तिसरंच काही. एनसीएलईएक्सच्या (आरएन परवान्याच्या परीक्षेच्या) केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि हॉल तिकिटावरचं नाव जुळलं नाही तर आत घेत नाहीत, फी बुडते. म्हणून पडताळणीच्या अर्जाआधीच कौन्सिलमध्ये नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. त्याला लागणारे महिने धरून चाला.

एनसीएलईएक्स-आरएन: कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, पाच तास. संगणक उत्तरांप्रमाणे प्रश्न बदलतो. ८५ ला बंद पडला म्हणजे पास किंवा नापास दोन्ही असू शकतं, त्यावरून तर्क लढवू नका. भारतातही केंद्रं आहेत.

कॅलिफोर्निया सुरुवातीला टाळलेलं बरं. मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालक, मानसोपचार या विषयांची थिअरी आणि प्रात्यक्षिक एकाच काळात झालेली त्यांना लागतात. थिअरी दुसऱ्या वर्षी आणि वॉर्ड तिसऱ्या वर्षी असेल तर पुन्हा करायला सांगतात.

व्हिसासाठी व्हिसास्क्रीन नावाचं वेगळं प्रमाणपत्र, त्यात इंग्रजीची परीक्षा आली. मुदत पाच वर्षं.

मग एफएनपी. इथे अनेकांचा अपेक्षाभंग होतो: भारतातली एमएस्सी नर्सिंग चालत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही नाही. नाव सारखं असलं तरी तो आयसीयूसाठीचा आहे. परीक्षा मंडळांना सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन-सीएनईए या तिघांपैकी कुणाची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम लागतो. बीएसएन (नर्सिंगची पदवी) ते एमएसएन अंदाजे दोन-तीन वर्षं, डीएनपी तीन-चार. परीक्षेला बसायला एमएसएन पुरते. 'डीएनपी सक्तीची झालीय' असं कुणी सांगितलं तर ती शिफारस होती, सक्ती नव्हे.

सांजवात

आणि उलटं? एफएनपी होऊन पुण्यात परत आलं तर?

गोदाकाठ

नोंदणीकृत नर्स म्हणून काम करता येईल. एफएनपी म्हणून स्वतः औषध लिहून देता येणार नाही, आपल्याकडे ते नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकालाच. गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातले सामुदायिक आरोग्य अधिकारी थोडंफार त्या अंगाचं काम करतात, पण ते सरकारी यंत्रणेत, ठरलेल्या औषधांच्या यादीतून. आणि महाराष्ट्रात त्या जागांवर बीएएमएस झालेलेही बरेच आहेत.

मेस्किट

परीक्षा कुठली द्यायची, यावर व्हॉट्सअ‍ॅप गटांत रोज भांडणं चालतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

एएएनपीसीबी: १५० प्रश्न, तीन तास, त्यातले १३५ गुणांचे, उरलेले १५ चाचणीचे. सगळं क्लिनिकल. नापास झालात तर कच्च्या भागावर १५ तासांचं शिक्षण करून पुन्हा, वर्षात दोनदाच. एएनसीसी: क्लिनिकलच्या जोडीला संशोधन, धोरण, व्यावसायिक भूमिका यांवरही प्रश्न, आणि ओढून जुळवा, चित्रावर टिचकी मारा असले प्रकार. नापासांना ६० दिवस थांबावं लागतं, बारा महिन्यांत तीनदा.

नोकरीत फरक पडत नाही. फरक पडतो तो पाच वर्षांनी. एएएनपीसीबीला १००० तासांचं क्लिनिकल काम आणि १०० तासांचं शिक्षण, त्यात औषधशास्त्राचे २५. एएनसीसीला ७५ तास, त्यातही औषधशास्त्राचे २५, आणि वर शिकवणं, संशोधन, प्रीसेप्टर होणं वगैरे यादीतलं निदान एक. बाळंतपणात किंवा व्हिसाच्या घोळात दोन-तीन वर्षं घरी बसण्याची शक्यता असेल तर १००० तासांचा हिशेब आधीच मांडा. एच-४ (जोडीदाराच्या व्हिसा) वरच्यांनी तर नक्कीच, कारण कामाचा परवाना अडकला की तास थांबतात आणि प्रमाणपत्राचं घड्याळ चालूच राहतं.

शून्यशेष

पैशाचा भाग राहिला. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) एनपीला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. डॉक्टरला १०० डॉलर मिळतात त्या कामाला एनपीच्या नंबरावर ८५, आणि पेशंटचा २० टक्के वाटा २० ऐवजी १७.

म्हणून क्लिनिकं 'इन्सिडेंट टू' वापरतात: एनपीने तपासलं, बिल डॉक्टरच्या नंबरावर, पूर्ण १०० टक्के. हे कायदेशीर आहे, पण अटी पाळल्या तरच. पहिली भेट डॉक्टरने करून उपचार ठरवलेले हवेत, आणि त्या वेळी डॉक्टरची थेट देखरेख हवी. नवा पेशंट किंवा जुन्याच पेशंटची नवी तक्रार असेल तर चालत नाही. रक्तदाबासाठी आलेले आजोबा उठता उठता 'गुडघा पण दुखतोय' म्हणाले आणि एनपीने गुडघ्याचे उपचार सुरू केले, की ते बिल एनपीच्या नंबरावर जायला हवं. तपासणीत पकडलं जातं ते बहुतेक असंच. बिलावर न भेटलेल्या डॉक्टरचं नाव दिसलं तर दर वेळी घोटाळा नसतो, कारण हे असू शकतं. पण पहिल्याच भेटीचं बिल तसं असेल तर फोन करून विचारा.

नव्या एफएनपींसाठी: इन्शुरन्सच्या नोंदणीला तीन-चार महिने धरा. सीएक्यूएचवरची (इन्शुरन्स कंपन्या बघतात त्या साइटवरची) माहिती दर १२० दिवसांनी 'बरोबर आहे' म्हणून पुन्हा सही करायची असते (इलिनॉयमध्ये १८०). ती चुकली की नोंदणी गुपचूप थांबते, कुणी कळवत नाही.

आणि मालप्रॅक्टिस विमा 'ऑकरन्स' आहे की 'क्लेम्स-मेड' हे सही करण्याआधी विचारा. क्लेम्स-मेड असेल तर नोकरी सोडल्यावर मागच्या कामावर दावा आला तर संरक्षण नाही, त्यासाठी 'टेल' विकत घ्यावी लागते. ती कोण भरणार हे करारात लिहून घ्या. एका वर्षाच्या हप्त्यापेक्षा ती बरीच महाग असते.

सांजवात

भरपूर झालं, धन्यवाद. शेवटचा प्रश्न: आईबाबांची औषधं तिथली एफएनपी लिहून देईल का? भारतातलं प्रिस्क्रिप्शन आहे.

मेस्किट

भारतातलं प्रिस्क्रिप्शन इथल्या फार्मसीत चालत नाही, म्हणून क्लिनिकची एक भेट करावीच लागते. भेटीला जाताना ब्रँडची नावं नेऊ नका. कागदावर चार रकाने करा: मूळ औषध, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कशासाठी. पट्टीच्या मागे मूळ नाव बारीक अक्षरात असतं. गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतील तर ती सुटी करून लिहा.

टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन सगळं मिळतं. व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, सिल्निडिपिन, डॉम्पेरिडोन ही अमेरिकेत मिळतच नाहीत. एफएनपी 'हे मला माहीत नाही' म्हणाली तर तिचं चुकत नाही. तिला बदली औषध द्यावं लागेल: व्हिल्डाग्लिप्टिनऐवजी बहुधा सिटाग्लिप्टिन किंवा लिनाग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइडऐवजी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिपिझाइड. बदलल्यावर पहिले दोन आठवडे घरी साखर मोजायची, विशेषतः वयस्करांत ग्लिमेपिराइडने साखर उतरते. सहा महिन्यांत औषध बदलायचंच नसेल तर निघतानाच तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पुरेसा साठा मूळ पट्ट्यांत आणलेला उत्तम.

झोपेसाठी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम चालू असेल तर आधी सांगा. दोन्ही शेड्यूल चार. लिहिण्याआधी राज्याच्या यंत्रणेत पेशंटची नोंद बघावी लागते, आणि पहिल्याच भेटीत बऱ्याच जणी ते लिहीत नाहीत. अचानक बंद करणं मात्र धोक्याचं, झटकासुद्धा येऊ शकतो. म्हणून ती गोळी संपायच्या आदल्या दिवशी नाही, निदान तीन आठवडे आधी भेट ठरवा.

फाईलवाली

यात एक जोड. व्हिजिटर इन्शुरन्स आधीपासूनच्या आजारांचा खर्च बहुधा देत नाही. त्यामुळे फोन करतानाच 'सेल्फ पे'चा दर विचारा. तोच प्रश्न रक्त तपासणीसाठी वेगळा विचारा, कारण लॅबचं बिल क्लिनिकचं नसतं, ते महिन्याभराने वेगळ्या पाकिटातून येतं.

खडीसाखर

बरं, हाक काय मारायची? आई तर 'डॉक्टर' म्हणूनच बोलावणार.

मेस्किट

डीएनपी असेल तर पदवीने डॉक्टर, पण पेशंटसमोर तसं म्हणवून घेताना 'मी नर्स प्रॅक्टिशनर आहे' हे सांगावं लागतं, आणि कॅलिफोर्नियात तर ते बिरुद लावण्यावर कायद्याचीच बंधनं आहेत. आईंनी म्हटलं तर कुणी रागावत नाही, फक्त ती दुरुस्त करेल. पहिल्या नावाने हाक मारा, तिथे सगळे तसंच करतात. आईंना जड जात असेल तर 'मॅडम' चालेल.

सांजवात

नर्सिसवर पाहिलं. दोन ओळी आहेत, आरएन आणि एपीआरएन, दोन्ही चालू. एपीआरएनची मुदत पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत. व्हिल्डाग्लिप्टिनची पट्टी सापडली, ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, मेटफॉर्मिन ५०० बरोबर एकाच गोळीत. सुटी करून लिहिते.